म्हातारीच्या बुडाखालचा दगड

समुद्रांना अजून कुणी नावं दिली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. उबदार पाण्यातल्या प्रवाळांच्या दाट वस्तीत चिकटायला बोटभर जागा उरली नाही, म्हणून पोवळी नावाची प्रवाळाची पोर प्रवाहाबरोबर निघाली. वीस दिवसांत खडक मिळाला नाही, तर ती मरणार होती.

विसाव्या दिवशी दूरच्या बेटापाशी तिला काळा खडक दिसला. त्यावर एकच म्हातारी प्रवाळीण ऐसपैस बसली होती.

"आजी, कडेला चिकटू का?"

"चल, हो पुढे! आम्ही इथले मूळचे. वाहत आलेल्यांना इथे थारा नाही."

पोवळी हटली नाही. तिने म्हातारीच्या बुडाशी जाऊन नीट पाहिलं.

"आजी, सगळा खडक काळा आणि तुझ्याखालचा दगड तेवढा पांढरा, भोकाभोकांचा कसा? असले दगड आमच्याकडचा ज्वालामुखी ओकतो. ते पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे जातात आणि आत पाणी मुरलं की बुडतात. तू यावरच बसून आलीस ना? मग मी का जाऊ? मी इथेच चिकटणार!"

म्हातारीने पसरलेलं अंग जरा आवरून घेतलं. मग पुटपुटली, "तोंडाळ आहेस. चिकट इथे, लाटेच्या आडोशाला." आणि हळूच म्हणाली, "तिकडचं पाणी अजून तेवढंच उबदार आहे का गं?"