एकेचाळिसाव्या पानावरचा नियम

"सूर्य डोक्यावर आहे, पॅनेल आपल्या छपरावर आहेत. मग पंप बंद का, महाराज?"

महाराज शेंगा निवडत होते.

"तू सांग. शिकलेला तू आहेस."

हेरंब वीज अभियंता. संसार सोडून सातपुड्याच्या पायथ्याच्या या मठात आला होता. पदवी तेवढी सोडायची राहिली होती. मठाची सौरवीज सरकारी लाइनला त्यानेच जोडून घेतली. त्यासाठी बासष्ट पानांचे नियम वाचले. मठात ते वाचलेला तो एकटाच, त्यामुळे त्यांतल्या चुका काढायलाही दुसरे कोणी नव्हते.

"एकेचाळिसावं पान. बाहेरची लाइन गेली की आपली वीजही आपोआप बंद पडली पाहिजे. कारकुनाचा भित्रेपणा, दुसरं काय."

"मग?"

"मी तो अडसर काढलाय. एक तार फिरवली. आता हे बटण दाबलं की पंप सुरू. टाकी कोरडी आहे, महाराज, आणि संध्याकाळी जेवणाची दोनशे पानं उठायची आहेत."

"वीज पंपापाशीच थांबेल?"

"थोडी बाहेर लाइनवर जाईल. जाऊ दे. मठाचा दानधर्म समजू."

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"दान घेणाऱ्याला आधी बघून यावं. चल."

फाटकाबाहेरच्या खांबावर तडवी वायरमन चढला होता. तुटलेली तार त्याच्या उघड्या हातात होती.

"तडवीभाऊ, खिशात काय आहे?" महाराजांनी खालून विचारले.

तडवीने खिसा चाचपला. चिनी मातीचे तीन पांढरे तुकडे काढून दाखवले.

"डीपीचे फ्यूज, बाबा. हे काढले की लाइन बंद. काढून खिशात घातल्याशिवाय मी वर चढत नाही. खाली कोणाला तरी घाई असतेच. तो परत लावून मोकळा होतो."

"झालंय तसं?"

"माझा साडू वर होता..."

त्याने फ्यूज खिशात ठेवले आणि तार ओढू लागला.

हेरंब त्या हातांकडे पाहत राहिला. मग मठाच्या छपराकडे. पॅनेल उन्हात लखलखत होती.

"एकेचाळिसाव्या पानावर हा माणूस नव्हता, महाराज..."



"त्याचे फ्यूज त्याच्या खिशात आहेत," महाराज म्हणाले. "तुझा सूर्य कोणाच्या खिशात ठेवायचा?"