डोंगराने पोटात घेतलेला राजा

डोंगरात दडलेल्या राजाची ही कथा तीन रूपांत सांगितली जाते. एकात डोंगर किल्ला ठरतो, दुसऱ्यात थडगे. येथे दिलेले तिसरे रूप विरळ आहे. त्यात राजाच्या भीतीची टवाळी नाही.

एका राज्यात वज्रांगद राजा होता. मांत्रिकाने त्याला शाप दिला, “मृत्यू तुला नावाने हाक मारील, त्या क्षणी तू सरशील.” राजाने डोंगराच्या पोटात दालन कोरविले, राज्याचे धान्य आत नेले आणि शिळा लावून घेतली. त्याला वाढविणारी लिंबाई आत्या बाहेरच राहिली. शिळा डोंगराशी एकजीव झाली. गावे उपाशी पडली.

दालनाला हवेपुरता ठेवलेल्या झरोक्यावर एक घार येऊन बसली. म्हणाली, “राजा, डोंगराच्या पोटात तिघांनाच जागा. प्रेताला, बीजाला, गर्भाला. तू कोण?”

“मला जगायचे आहे.”

“मग गर्भ हो. धान्य परत दे. मुकुट-चिलखत उतरव. ज्याला बाहेर ठेवलेस, त्याला हाक मार.”

राजाने झरोक्यातून धान्य खाली ओतले. गावोगावी चुली पेटल्या. मुकुट-चिलखत उतरविले. तिसऱ्या कामाला मात्र जीभ रेटेना. अखेर तो ओरडला, “आत्या!”

“कोण रे?” शिळेबाहेरून आत्याने विचारले.

“मी.”

“मी म्हणणारे पुष्कळ भेटतात.”

“नाव कसे सांगू? मृत्यू दाराशी बसला आहे.”

आत्या हसली. “मांजराला भिऊन कणगीत लपायचास, तेव्हाही मीच बाहेर काढायची. गप्प ये. पोटातून येणाऱ्याला नाव नसतं. ते आत्या ठेवते.”

शिळा दुभंगली. राजा उघडा, डोके पुढे करून बाहेर आला. आत्याने त्याला लुगड्यात गुंडाळले, कानात ‘कुर्र’ केले आणि नाव ठेविले धोंडू. ज्या घरी मुले जगत नाहीत, तेथे असेच हलके नाव ठेवितात. मृत्यूने वळून पाहू नये, हा त्यामागील भाव.

मृत्यूने विचारले, “वज्रांगद कोठे आहे?”

“आत गेला तो. हा आमचा धोंडू.”

मृत्यू दालनात शिरला. “वज्रांगदा!” त्याने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. रिकामे चिलखत उचलून तो निघून गेला. शाप सरला.

आत्याला पुढे घालून राजा पायी डोंगर उतरला, आणि धोंडू याच नावाने त्याला पुन्हा राज्याभिषेक झाला.