साडेअकरा आटे

“वीट कुणी लावली?”

हा प्रश्न बिरूनं एकवीस माणसांना विचारला होता. शिलाईखात्यातल्या बायांना, हमालांना, फाटकावरच्या वॉचमनला, पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला. कुणी मान खाली घातली. कुणी जेवलास का म्हणून विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही.

बाविसावा माणूस दस्तगीरचाचा.

मिरजेत दवाखाने फार, आणि दवाखान्यांना दारं फार. दार आपलं आपण, आवाज न करता मिटावं म्हणून त्याच्या वरच्या अंगाला लोखंडी क्लोजर बसवतात. चाळीस वर्षं चाचांचं एवढंच काम. क्लोजर खोलायचा, तेल भरायचं, बसवायचा. बिरू दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता.

भावाचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. बिरूचं डोकं अजून तुळतुळीत होतं. कमरेला पाना खोचलेला, हातात सिमेंटचं पोतं.

चाचा म्हणाले, “बस.”

तो बसला नाही. त्यानं पोतं उपडं केलं. आतून एक क्लोजर फरशीवर पडला. काजळीनं काळा ठिक्कर.

“हा माझ्या हातचा,” बिरू म्हणाला. “ह्यात खोट नव्हती, एवढं तुमी तोंडानं सांगा. मग मी त्या वीटवाल्याकडं बघतो.”

चाचांनी क्लोजर उचलला नाही. त्याच्याकडे पाहत राहिले…

झालं होतं ते असं. बिरूचा थोरला भाऊ मायाप्पा, त्याचा आण्णा, गाद्यांच्या कारखान्यात कामाला होता. खाली फोमचं गोदाम, वर शिलाईखातं, मध्ये एकच जिना. जिन्याच्या तोंडाशी जाड दार. खाली काही पेटलं तर धूर वर चढू नये म्हणून ते दार सदा मिटलेलं असायला हवं. मायाप्पा दिवसभर फोमच्या लाद्या दोन्ही हातांत धरून त्या दारातून वर न्यायचा. पाचवीत शाळा सोडलेल्या भावाला त्यानं आधी चाचांकडे चिकटवलं होतं, आणि मग मालकाच्या पाठी लागून त्या दाराचं कामही मिळवून दिलं होतं. बिरूचं एकट्यानं केलेलं ते पहिलं काम. ते झाल्यावर तपासायला चाचांनी जायचं होतं. ते गेले नाहीत.

दार बसलं त्या दिवशी मायाप्पानं पुऱ्या गोदामाला गोळा केलं. दार उघडून सोडलं. ठक्कन मिटलं. “ह्यो माझा भाऊ,” असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. जे बिरूला जन्मापासून ओळखत होते त्यांनाही.

पाच महिन्यांनी, भर दुपारी सव्वातीनला, गोदामात वायर पेटली. दार मिटलं नाही. त्याच्या बुडाशी वीट होती. बाहेरून शिडी लागेपर्यंत वर तिघांचा जीव गेला. दोन बाया, आणि लाद्या टाकायला गेलेला मायाप्पा.

अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. झोपल्यासारखा होता. बिरूनं त्याला तीनदा हाक मारली होती.

“चाचा, बोला की.”

“स्प्रिंगला किती आटे दिलेलेस?”

बिरूला हा प्रश्न आवडला नाही. ध्यानात नाही म्हणाला. मग म्हणाला, दार खाली शहाबादी फरशीला घासत होतं, शेवटचं चार बोटं मिटतच नव्हतं, म्हणून स्प्रिंग आणखी आवळली. मग मिटलं.

“रंधा?”

“दार उतरवावं लागलं असतं. बुड तासायचं, परत चढवायचं. अर्धा दिवस गेला असता.”

“हं.”

“आटे द्यायला पाच मिनिटं लागली.”

“हं…”

बिरू चिडला. मिटत होतं ना दार? दाराचं काम मिटायचं. ते मिटत होतं. वीट लावणाऱ्यानं लावली नसती तर आज आण्णा घरात असता. आई चुलीपुढं बसते आणि चूल पेटवत नाही, तिला मी काय सांगू? त्यानं पाना उपसून घट्ट धरला. जणू वीटवाला समोरच उभा होता.

चाचांनी त्याला बोलू दिलं. मग क्लोजर मांडीवर घेतला.

काजळी रॉकेलनं पुसली. जळकं रबरी सील काढून नवं घातलं. तेल संपलं होतं, ते भरलं. मग टोकाचा नट पकडून स्प्रिंग सैल करू लागले, आणि एकेक आटा मोठ्यानं मोजू लागले. एक. दोन. तीन. बिरूला वाटलं, आता आठावर थांबतील. तसल्या दाराला आठ पुरतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

चाचा साडेअकराला थांबले.

उलट दिशेनं फिरवून साडेअकराच्या साडेअकरा आटे परत आवळले. जसे होते तसे.

“ह्यात आपलं असं काही नसतं, बिरू,” ते म्हणाले. “वीज न्हाई, मोटार न्हाई. जो दार उघडतो त्याच्याच अंगातलं बळ ही स्प्रिंग काढून घेते. आन् त्याच बळानं त्याच्यामागं दार लावते. तेल फकस्त उशीर करतं.”

“हे मला पहिल्या दिवशी सांगितलंय तुमी.”

“सांगितलंय खरं.”

त्यांनी उठून तो क्लोजर आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीच्या दाराला बसवला. बिरू पाहत राहिला. चाचांचं डोकं फिरलं असावं असं त्याला वाटलं. तो निघाला तेव्हा चाचा पाठीमागून म्हणाले, पुढच्या खोलीत चुना मारायचाय, माल मागं न्यायचाय, माझी कंबर धरलीय, उद्या सकाळी ये. माणूस तुझा काय पळून चाललाय? आपटायचं असेल तर त्याला दुपारी आपट.

बिरू सकाळी आला. नाही कसा म्हणणार? चाचांनी त्याला हातात पेचकस धरायला शिकवलं होतं.

पुढच्या खोलीत ओतीव लोखंडाच्या पेट्या होत्या, जुने क्लोजर होते, तेलाचे डबे होते. चाचा स्टुलावर बसून रॉकेलमध्ये स्क्रू धुऊ लागले. बिरूनं पहिली पेटी उचलली आणि खांद्यानं दार रेटलं. दार उघडलं. तो आत शिरतो न शिरतो तोच ते माघारी येऊन त्याच्या टाचेवर आदळलं.

त्यानं शिवी दिली. पेटी ठेवली, परत आला.

दुसऱ्या खेपेला कोपर. तिसरीला कुल्ला. हात दोन्ही गुंतलेले, दार ढकलायला तिसरा हात आणायचा कुठून? पाचव्या खेपेला टाचेचं कातडं निघालं. सातव्या खेपेला तेलाचा डबा निसटला आणि तेल पायावर सांडलं. चाचा म्हणाले, पुसून घे, घसरशील. एवढंच. आठवी खेप. नववी. बिरूच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो मनातल्या मनात एकेका हमालाचं तोंड आठवत होता. वीट कुणी उचलली असेल, कुणाच्या हाताला विटेची माती लागली असेल. त्या तिडिकीत तो पेट्या वाहत होता. पुढं किती खेपा झाल्या त्यानं मोजल्या नाहीत.

माल संपला. तो घाम पुसत उंबऱ्यात उभा राहिला.

“झाला माल. आता सांगा.”

चाचा त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या पायांकडे बघत होते.

बिरूनं खाली पाहिलं.

दार सताड उघडं होतं. बुडाशी ओतीव लोखंडाचा एक तुकडा पक्का रुतला होता. क्लोजरचं तुटकं झाकण. पायानं सारून बसवलेलं. त्याच्याच पायाचं तेल त्याच्यावर लागलं होतं.

हे आपण कधी केलं, ते त्याला आठवेना. दहाव्या खेपेला? चौदाव्या? त्यानं आठवून पाहिलं. नाहीच आठवलं…

“मी काढणार होतो ते,” तो म्हणाला.

“कधी?”

“काम झाल्यावर.”

“हं. सांजच्याला.”

सव्वातीन म्हणजे सांज नव्हे. हे दोघांनाही कळत होतं.

बिरू हळूहळू खाली बसला. एकवीस माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनाही आठवत नव्हतं. किंवा सगळ्यांना आठवत होतं, आणि सगळ्यांनीच आपापल्या पायानं ती वीट सारली होती, आळीपाळीनं, पाच महिने. आणि मग ज्याची भीती त्याला पहिल्या दिवसापासून होती, ते आलं. लाद्या सगळ्यांत जास्त कोण वाहायचं? दिवसातून साठ खेपा. दोन्ही हात गुंतलेले. टाचा फुटलेल्या.

आण्णाच्या टाचा फुटलेल्या होत्या. बिरूनं तिरडीवर पाहिल्या होत्या. वाटलं होतं, उन्हाळ्यानं.

“त्यो मला कधी बोलला न्हाई,” बिरू म्हणाला. “रोज एका ताटात जेवायचो. दार लई जड हाय, एवढं म्हणला असता तरी मी…”

“भावाचं पहिलं काम,” चाचा म्हणाले.

बिरू रडला नाही. रडू येईल तर बरं, असं वाटण्यापलीकडे तो गेला होता. त्यानं पाना उचलून दोन्ही हातांनी चाचांपुढे धरला.

“मारा मला.”

“रांगंत मी तुझ्या म्होरं हाय,” चाचा म्हणाले.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला. चाचांनी पाना घेतला, निरखला, परत त्याच्या हातात दिला.

“आन् हा स्प्रिंगचा पाना हाय. डोक्याला लागत न्हाई.”

कारखाना सोमवारी पुन्हा सुरू व्हायचा होता. जिन्याच्या दाराला क्लोजर नव्हता. आगीच्या दिवशी बिरूनंच तो रात पडायच्या आत उचकटून आणला होता. मालक नवा माणूस बघत होता. चाचांनी निरोप धाडला की माणूस आहे.

रविवारी सकाळीच दोघं गेले. भिंतींना नुकता चुना मारला होता, तरी धुराचा वास जात नव्हता. बिरूनं दार एकट्यानं उतरवलं. आडवं घालून बुडाला रंधा मारायला बसला. जाड, वाळलेलं सागवान. भुसा उडत होता, छिलका निघत होता. अर्धा दिवस गेला असता म्हणाला होता ना, तो अर्धा दिवस गेला. चाचा पायरीवर बसून होते. त्यांनी हात लावला नाही. एकदाच, पाणी पितोस का म्हणून विचारलं.

दार चढलं. फरशीला घासेना. त्यानं तोच क्लोजर परत बसवला. आठ आटे दिले. मग दार धरून उभा राहिला आणि एक आटा काढला. सात.

सोमवारच्या तयारीला शिलाईखात्यातल्या बाया झाडायला आल्या होत्या. त्याला बघून त्या भिंतीशी सरकल्या. पुन्हा तोच प्रश्न येणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्यात साठीची पारूबाई होती. मणक्याचं दुखणं, हातात बळ नाही. मेलेल्या दोघींतली एक तिची सून.

बिरू तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“मावशी, एवढं दार उघडून दाखवा.”

ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. कोवळे केस आता कुठं उगवत होते.

त्यानं फोमची एक लादी उचलून तिच्या दोन्ही हातांत दिली. मोठी, तिच्या डोळ्यांपर्यंत येणारी. पुढचं तिला दिसतही नव्हतं. ती चाचपडत दारापाशी गेली आणि कोपरानं ढकललं. दार गेलं. ती आत शिरली, दोन पायऱ्या चढली. दार तिच्यामागं हळू येऊ लागलं. अर्ध्यात आलं, टाचेपासून वीतभर लांब राहिलं, शेवटच्या चार बोटांना जरा सावकाश झालं, आणि मिटलं. आवाज झाला नाही.

पलीकडून काहीच ऐकू येईना. म्हातारी पायरीवर बसली असावी.

बिरूनं दाराला पालथा हात लावला. कुणाच्या कपाळाचा ताप बघावा तसा. बायांपैकी एकीनं पदर तोंडात धरला. त्यानं पाना कमरेचा काढून तिथंच चौकटीच्या खिळ्याला टांगला. पुन्हा कुणाला दार जड झालं तर हाताशी असावा म्हणून.

मग तो वळला.

“चाचा, झालं?”

चाचांनी दार पाहिलं. बिरूला पाहिलं.

“दाराचं झालं.”