चार फडांचं गाव

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका, कारण त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. नदी मात्र होती, आणि नदीच्या काठी शहाणी माणसं होती. शहाणी म्हणजे आपल्याइतकीच. कधी शहाण्यासारखी वागायची, कधी नाही.

त्या गावाच्या पूर्वजांनी नदीत आडवा दगडी बंधारा घातला होता. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि उतारानं वाहत गावच्या शेतांना पाणी द्यायचा. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे त्यांनी चार मोठे भाग केले होते. एकेका भागाला ते फड म्हणत. बंधाऱ्याजवळचा तो वरचा फड, मग मधला, मग चिंचेचा आणि गावाला लागून खालचा.

एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात गहू, दुसऱ्यात हरभरा, तिसऱ्यात ज्वारी, चौथ्यात भाजीपाला. पुढच्या वर्षी पिकं जागा बदलायची. सगळ्यांचं पीक एकच असलं की पाणीही सगळ्यांना सारखंच लागतं, भांडायला कारण उरत नाही.

आणि प्रत्येक घराचं एक वावर प्रत्येक फडात होतं. म्हणजे एका घराची वावरं चार, आणि ती चार दिशांना. परगावचा पाहुणा आला की हसायचा. म्हणायचा, तुमची जमीन कुणी फाडून वाऱ्यावर उधळली की काय? गावकरीही हसायचे आणि त्याला भाजलेला हुरडा द्यायचे.

याच गावात उखा नावाचा शेतकरी होता. कामाला वाघ. त्याची बायको तापी, तीही तशीच. दोन लेकरं होती. उखाला दुखणं एकच, ते म्हणजे पायपीट. सकाळी वरच्या फडात नांगर धरावा, तर खालच्या फडात गुरं शिरल्याची हाक यायची. तापी भाकरी घेऊन चिंचेच्या फडात जायची, तर हा मधल्या फडात गेलेला असायचा.

एके दिवशी ती तीन फड हिंडून चौथ्यात पोचली आणि भाकरीचं फडकं त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "अहो, भाकरी गार झाली, कोरड्यास सांडलं. उद्यापासून तुम्ही कुठे असाल ते सांगून जात जा, नाहीतर उपाशी राहा."

उखाच्या मनानं घेतलं. आपली चारही वावरं एका जागी आणली तर? आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? मी कुठे म्हणतो वाईट आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

वरच्या फडात उखाच्या वावराला लागून तिघांची वावरं होती: मथुराआजीचं, भिकाचं आणि धुडकूचं. मथुराआजी एकटी बाई, वयानं वाकलेली. बंधाऱ्यापर्यंत चालणं तिच्या जिवावर यायचं. उखानं तिला आपलं मधल्या फडातलं वावर दिलं आणि तिचं वरचं घेतलं. भिकाला चिंचेच्या फडातलं दिलं. धुडकूचं घर खालच्या फडाला लागून होतं, त्याला खालचं दिलं. तिघंही खूश झाले.

गावात पाणी सोडणारा पाटकरी होता झिपरूतात्या. कुठल्या वावराचं बारं, म्हणजे पाटातून पाणी घ्यायचं तोंड, कधी उघडायचं ते तो ठरवायचा. अदलाबदलीला त्याची संमती लागायची.

"तात्या, तुमचं काही म्हणणं?" उखानं विचारलं.

तात्यानं डोकं खाजवलं. एका घराची चार बारी चार फडांत उघडायची, त्याऐवजी सगळी एकाच बांधावर उघडता येणार होती. त्याचेही गुडघे दुखायचे. "चौघांची राजीखुशी असेल तर मी कशाला आडवा येऊ," तो म्हणाला.

झालं. उखानं आपल्या एकत्र वावरात झोपडी बांधली. दारात शेवगा लावला. पहिल्या वर्षी वरच्या फडात गहू होता. उखाची कणगी गव्हानं भरली. गाव ज्वारीची भाकरी खात होतं आणि उखाकडे रोज पोळी. तापी शेजारणींना गहू देऊन ज्वारी, डाळ, भाजी आणायची. सगळं बरं चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी वरच्या फडात हरभरा आला. मग काय, सकाळी हरभऱ्याची भाजी, दुपारी घुगऱ्या, संध्याकाळी पिठलं. लेकरं ताटाकडे बघून रडायला लागली. तापी हरभरा घेऊन बदलायला निघाली, तर प्रत्येक घरी आपापल्या वावरातला हरभरा होताच. कुणी घेतला तर उपकार केल्यासारखा. तरी उखाला वाटलं, एका वर्षाचा प्रश्न आहे, निघून जाईल.

त्याच वर्षी पाट साफ करायचे दिवस आले. दरवर्षी सगळं गाव बंधाऱ्यापासून खालच्या फडाच्या टोकापर्यंत गाळ काढत जायचं. उखानं वरच्या फडापुरता पाट चकचकीत केला, फावडं धुतलं आणि झोपडीकडे वळला.

धुडकू म्हणाला, "का रे, खाली यायचं नाही?"

"खाली माझं काय आहे?" उखा म्हणाला. उर्मटपणानं नव्हे हं. त्याला ते खरंच सरळ हिशेबाचं वाटलं. पण गाळात उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला. नदी अर्धीमुर्धी वाहिली. दसऱ्याच्या सुमारास बंधाऱ्यामागचं पाणी बघून झिपरूतात्यानं सांगितलं की चारही फड भिजणार नाहीत.

अशा वर्षासाठी त्या गावात जुना रिवाज होता. चारपैकी एक फड कोरडा ठेवायचा, त्यात पेरायचंच नाही, आणि तेवढ्या पाण्यात बाकीचे तीन पिकवायचे. कोरडं राहायची पाळी ठरलेली असायची. मागच्या दुष्काळात खालचा फड राहिला होता. आता पाळी होती वरच्या फडाची.

उखाला याचा विसरच पडला होता म्हणा. बरीच वर्षं पाऊस चांगला झाला होता. शिवाय त्याला वाटायचं, पाणी बंधाऱ्यातून निघतं ते आधी आपल्या दारावरून जातं, आपल्याला कशाची भीती?

देवळापुढे गाव जमलं. उखा उभा राहिला.

"वरचा फड कोरडा ठेवला तर तुमचं प्रत्येकाचं एक वावर जाईल. माझं सगळं जाईल. घरात थोडा हरभरा आहे, बाकी काही नाही. एवढं वर्ष पाळी बदला. खालचा फड ठेवा, नाहीतर चिंचेचा."

मग धुडकू उठला.

"पाळी म्हणजे पाळी. माणसागणिक बदलायला लागलो तर पाळीला अर्थ काय? आणि वरच्या फडात आमचं काय आहे?"

भिकानंही मान डोलावली. मथुराआजीसुद्धा बसल्या जागेवरून म्हणाली, "वाडवडिलांनी घालून दिलेलं मोडू नये. वरचा कोरडा, म्हणजे वरचाच कोरडा."

आता एक गंमत बघा. गंमत कसली, वाईटच वाटतं सांगताना. गावात इतर लोक होते, त्यांचं प्रत्येकाचं एकेक वावर वरच्या फडात होतंच. ते माना खाली घालून बसले होते. प्रत्येकाच्या मनात चाललं होतं, आपलं एवढं पीक गेलं, कसं भागवायचं. आणि ज्या तिघांचं तिथे काहीच नव्हतं, तेच खणखणीत बोलत होते. झिपरूतात्यानं ते पाहिलं आणि त्याला अदलाबदलीला दिलेली आपली संमती आठवली. पण पाळी बदलली तर उखाचं काहीच जाणार नाही आणि बाकी सगळ्यांचं एकेक वावर जाईल, हेही त्याला दिसत होतं. त्यानं वरच्या फडाचं नाव घेतलं आणि बैठक मोडली.

उखा घरी आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच तापीला कळलं. तिनं हरभऱ्याच्या कणगीत हात घालून तळ चाचपला.

"हे माघापर्यंतसुद्धा पुरणार नाही," ती म्हणाली. "माझ्या मावशीच्या गावाला जाऊ. तिथे लोकांच्या शेतावर मजुरी मिळेल."

"परत येऊ ना?" मोठ्या लेकीनं विचारलं. गाव सोडून गेलेल्याचं वावर कोण राखणार, आणि परत आल्यावर ते त्याचं कोण म्हणणार?

सकाळी उखानं गाडी जुंपली. जातं, गाडगी, गोधड्या चढवल्या. लेकरं वर बसली. तेवढ्यात बंधाऱ्याच्या वाटेनं काठी टेकत मथुराआजी येताना दिसली. एवढी चाल तिला झेपायची नाही. ती आली ती गाडीच्या चाकाला टेकूनच उभी राहिली, आणि दम खाऊन बोलायला लागली.

"उखा, मी काल बैठकीत बोलले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं आजी. खोटं काही बोलला नाहीत तुम्ही."

"खोटं नाही बोलले. पण ऐक. माझं एवढं आयुष्य या गावात गेलं. किती दुष्काळ पाहिले. दरवेळी कुठला ना कुठला फड कोरडा ठेवायचं ठरायचं, आणि मी हो म्हणायचे. पण हो म्हणताना पोटात गोळा यायचा रे. हात जोडले जायचे. काल मी तुझा फड कोरडा ठेवा म्हणाले, आणि माझ्या पोटात काहीसुद्धा झालं नाही. घरी जाऊन पोटभर जेवले. मग झोपायला टेकले, तेव्हा लक्षात आलं आणि माझी मलाच भीती वाटली."

तापीनं गाडीवरून उतरून आजीला बसायला गोधडी टाकली. आजी बसली नाही.

"तुझं मधल्या फडातलं वावर परत घे. पेरणी अजून व्हायची आहे. माझं वरचं मला दे."

"आजी, ते तर कोरडं राहणार आहे."

"माहीत आहे मला. सगळ्यांचं एकेक राहणार आहे, तसं माझंही राहील. तीन वावरांवर एकटी बाई मरत नाही."

तापीला हुंदका आवरला नाही. ती आजीच्या पाया पडायला वाकली, तर आजी म्हणाली, "पाया नंतर पड, आधी ते जातं खाली उतरव, बैलांना ओझं होतंय."

ही बातमी पाटाच्या पाण्याआधी गावात पोचली. दुपारी भिका आला. त्यानं नजर वर केली नाही, नुसतं म्हणाला, "चिंचेतलं तुझं तू पेर. बियाणं लागलं तर सांग." धुडकू आला नाही. दोन वावरं जोडून घरालगत मिळालेली, त्याला ती सोडवेनात. पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं निरोपानं कळवलं. तशी माणसंही गावात असायचीच. पण उखाला आता मधल्या आणि चिंचेच्या फडात पाणी मिळणार होतं. त्या वर्षी त्याच्या घरी दोन वेळा पोटभर नव्हतं, पण दोन्ही वेळा काहीतरी होतं. गाडी पुन्हा जुंपायची वेळ आली नाही.

पेरणीआधी झिपरूतात्यानं गाव पुन्हा गोळा केलं. "चूक माझीही आहे," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्यांनी निकाल दिला." आणि गावानं नवा नियम केला: फडातल्या फडात वावर हवं तर बदला, पण कुठल्याही फडातून कुणी पूर्ण बाहेर पडायचं नाही. धुडकूलाही मान डोलवावी लागली. पीक निघाल्यावर त्यानं उखाचं वावर परत केलं, आणि वर तोंडानं बडबडत राहिला की यात खत कुणी घातलं, मीच घातलं ना.

त्या हिवाळ्यात वरचा फड ओसाड पडून होता. शेजारून पाट भरून वाहायचा आणि खालच्या तिन्ही फडांकडे जायचा. एके दिवशी उखाला तिथल्या बांधावर मथुराआजी उभी दिसली.

"आजी, इथे काय करताय? इथे काहीच पेरलेलं नाही."

"माझं वावर आहे ना इथे," ती म्हणाली. "बघायला आले."

उखा तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. त्या कोरड्या जमिनीकडे बघताना दोघांनाही वाईट वाटत होतं, आणि ते दोघंही एकमेकांना तसं सांगत होते.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या तोट्यात थोडा वाटा आपलाही असू द्यावा, म्हणजे त्याचा निवाडा करताना आपली जीभ सैल सुटत नाही.