वरून वाच

“बेन्या निवडलेला नव्हता, एवढंच मी आईला सांगितलं. यात माझं काय चुकलं, आबा?”

नथनेल आबा लिंबाखाली बसून बाजेची सैल पडलेली दोरी ताणत होते. दोरीचं मोकळं टोक त्यांनी अमोसच्या हातात दिलं आणि म्हणाले, घट्ट धर.

अमोसने धरलं. पुण्याच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजातून पहिल्या नंबराने पास होऊन आलेल्या माणसाला दुपारच्या उन्हात बाजेची दोरी धरून उभं राहावं लागावं, हे काही त्याला फारसं रुचलं नव्हतं. पण आबांना नाही कसं म्हणणार? चाळीस वर्षं ते या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. बाराखडी आणि प्रार्थना, दोन्ही अमोस त्यांच्याच ओसरीवर शिकला होता. आता आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि येत्या रविवारपासून त्यांच्या जागी अमोस उभा राहणार होता.

पहिलाच रविवार, आणि त्यात प्रभुभोजन: पाळकाने भाकर मोडायची आणि मंडळीने मेजाकडे येऊन ती घ्यायची. पण नव्या पाळकाची आईच मेजाकडे यायला तयार नव्हती.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी अमोसचा धाकटा भाऊ बेन्यामीन दारूच्या नशेत ट्रॅक्टरसकट कॅनॉलमध्ये गेला. सात वर्षांत त्याने मंडळीच्या देवळाची पायरी चढली नव्हती. रविवारी लोक उपासनेला निघाले की हा फाटकाशी उभा राहून पाळकांची नक्कल करायचा, आणि खरं सांगायचं तर नक्कल हुबेहूब असायची. आबासुद्धा हसायचे.

त्याला पुरून आल्यापासून दोघांची आई सगुणाबाई थोरल्याला रोज एकच विचारायची. बेन्या कुठं असंल रे?

आठ दिवस अमोसने विषय टाळला. नवव्या दिवशी त्याला वाटलं, आपण पाळक होणार, आणि आपल्याच आईशी लपवाछपवी करायची? म्हणून चुलीपाशी बसून त्याने तिला सगळं नीट समजावलं. देवाने आपली माणसं जगाच्या स्थापनेआधीच निवडली आहेत. त्यात माणसाची लायकी बघितलेली नाही, ती निव्वळ कृपा. ज्याला निवडलं त्याला विश्वासही मिळतो, आणि बेन्याला विश्वास नव्हता. बायबलातल्या एका पत्रात प्रेषिताने लिहिलेलं कुंभाराचं उदाहरणही त्याने दिलं. माती एकच, पण कुंभार एक भांडं मानाचं करतो आणि दुसरं फोडायचं. मातीने कुंभाराला जाब विचारायचा नसतो.

हे सगळं आपण फार हळुवारपणे सांगितलं, असं अमोसचं मत होतं.

“मग सगुणाबाई काय म्हणाली?” आबांनी विचारलं.

“तव्यावरची भाकरी उतरवली.”

“आणि?”

अमोस जरा घुटमळला.

“म्हणाली, ‘मंग माझं बी नाव काढा त्या मंडळीच्या वहीतनं. बेन्या जिथं हाय, तिथं मला जायचंय. एकलं हाय ते पोर...’”

आबांचे हात थांबले.

अमोस मात्र बोलतच राहिला. दुःखात माणूस काहीही बोलतो हे त्याला कळत होतं, पण हे बोलणं साधं नव्हतं. तारण झालेल्या, म्हणजे देवाने वाचवलेल्या बाईने ते तारण आपल्या हाताने टाकून द्यायचं म्हणजे काय? आबांनी एकदा घरी यावं, तिला चार गोष्टी सांगाव्यात. त्यांचं ती ऐकेल. आणि वही आबांच्याच पेटीत असते, तेव्हा नाव तेवढं काढू नये.

“काल आली होती ती,” आबा म्हणाले. “म्हणाली, माझ्यासमोर काट मारा.”

“मग?”

“मी म्हणालो, बाई, मला दिसत नाही. पान सापडंना.”

अमोसला हसावं की काय करावं कळेना. आबांनी दोरीचा एक वेढा घातला आणि विचारलं, शास्त्र आणलंयस का बरोबर? आणलं होतं. बायबल त्याच्या झोळीत कायमच असायचं.

“ते कुंभाराचं वाच.”

अमोसने दोरी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं. उघडायची तशी गरज नव्हती, तो भाग त्याला तोंडपाठ होता. त्याच अध्यायावर त्याने चाळीस पानांचा निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. त्याने खणखणीत आवाजात कुंभार वाचला, माती वाचली, फोडायची भांडी वाचली.

“वरून वाच,” आबा म्हणाले.

अमोसने चार ओळी वर जाऊन पुन्हा सुरुवात केली.

“आणखी वरून.”

“आबा, वर नुसती सुरुवात आहे. निवडीचा मुद्दा तिथे येतच नाही.”

“मला दिसत नाही रे... वाच ना तेवढं.”

अमोसने पान उलटलं. कुंभाराच्या ओळींखाली त्याने तांबड्या पेन्सिलीने इतक्या रेघा ओढल्या होत्या की कागद फाटायला आला होता. अध्यायाच्या सुरुवातीला मात्र एकही रेघ नव्हती. ते पान कोरं करकरीत राहिलं होतं.

तो वाचू लागला. मला फार खेद वाटतो, असं प्रेषित लिहीत होता. माझ्या अंतःकरणातली वेदना थांबत नाही. आपल्या भावांसाठी, आपल्या रक्तामांसाच्या माणसांसाठी...

पुढची ओळ अमोसने आधी मनात वाचली.

त्यांच्याऐवजी मलाच ख्रिस्तापासून तोडून टाकलं तरी चालेल, असं पुढे लिहिलं होतं.

ती ओळ त्याने शंभर वेळा वाचली असेल. आज ती त्याला आईच्या आवाजात ऐकू आली, चुलीपाशी, भाकरी उतरवताना. आईला अक्षरओळख नव्हती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोरी त्याच्या हातातून केव्हा सुटली ते त्याला कळलं नाही. आबांनी इतका वेळ ताणलेली बाज पुन्हा सैल पडली.

चौदा वर्षांचा होईपर्यंत अमोस बेन्याबरोबर एकाच गोधडीत झोपला होता. बेन्याला अंधाराची भीती वाटायची, म्हणून तो थोरल्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायचा. आणि ह्या सबंध महिन्यात बेन्या कुठे गेला याचा हिशेब अमोसने मूळ ग्रीक शब्दांसकट केला होता, पण तो तिथे एकटा असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. कबरीपाशी तो रडलाही नव्हता. प्रार्थना त्यालाच म्हणायची होती ना.

आता तो रडला. लहान पोरासारखा, नाक पुसत, लिंबाच्या बुंध्याला टेकून रडला. आबा नुसते शेजारी बसून राहिले आणि मधूनमधून त्याच्या गुडघ्यावर थोपटत राहिले.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “आबा... बेन्या वाचला का?”

“मला माहीत नाही.”

“तुम्हालाही नाही?”

“नाही बाबा. माझ्याकडं पदवी कुठंय?”

आबा हे हसत म्हणाले, पण त्यांचेही डोळे भरले होते. बेन्याला त्यांनीही अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

अमोसने तोंड पुसलं. रविवारी भाकर मोडायची ती याच हातांनी, आणि समोर आई नसणार. त्याच्याच शब्दांनी ती मेजापासून उठून गेली होती. आता कोणत्या तोंडाने तिच्यासमोर जायचं? काय सांगायचं?

“तिला परत कसं आणू, आबा?”

“परत आणू नको.”

“मग?”

आबा बाजेचा खूर धरून सावकाश उठले. चाचपडत त्यांनी अमोसचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

“घरी जा. चुलीपाशी बस... आणि तिला विचार, आई, बेन्याकडं जाशील तेव्हा मला संगं नेशील का?”