आवळलेला गज

फार वर्षांमागं जर्मनीतल्या ओटो नावाच्या कारागिरानं व्हायोलिनचा एक गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, घडवला. काठी ज्योतीवर शेकून तिला बाक दिला, तिच्यावर घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवले आणि बजावलं, “बाबा रे, वाजवून झालं की केस सैल करू देत जा.”

पण गजाला ताठ्याचा भारी सोस. कुणी केस सैल करायला आलं की हा टोकाचं केस ताणायचं मळसूत्र आवळून धरायचा.

“अरे, जीव जातोय आमचा!” केस कळवळायचे.

“सैल पडायला मी काय केरसुणी आहे?” गज फणकारायचा.

वर्षानुवर्षं ताणून काठीचा बाकच गेला. सूर उमटेना, तेव्हा धन्यानं त्याला ओटोकडे आणून टाकलं.

“आजोबा, पुन्हा शेका मला,” गज रडला.

ओटोनं आपले थरथरते हात पुढं केले. “यांना आता बाक देणं जमत नाही रे.”

मग त्यानं हलकेच मळसूत्र फिरवलं. या खेपेला गजानं मुकाट्यानं केस सैल करू दिले.