घुशीची पडवी

जंगल संपते आणि खडीची खाण सुरू होते, त्या मधल्या जागेत एक घूस राहत असे. मुलांनो, घूस म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल. पण ही घूस कामाला वाघ होती आणि मातीवर तिचा भारी जीव. तिच्या आईने तिला एकच विद्या दिली होती, "भेग दिसली की माती भर." त्या एका विद्येवर तिने आजवरचा सगळा संसार केला होता.

पण खाणीजवळची जमीन घट्ट दबलेल्या मुरमाची. तिथे पाणी जिरता जिरत नाही. गेल्या पावसाळ्यात ते बिळात शिरले. घुशीने तोंडात धरून धरून पिल्ले बाहेर काढली. सहा होती, त्यांतली दोनच हाती लागली. त्या दिवशी ती रडली ती रडलीच, पण डोळे पुसले तेव्हा तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. पुढची पिल्ले जमिनीवर वाढवायची आणि कोरडी वाढवायची. घुशीच्या जातीत असे आजवर कुणी केले नव्हते. न केले तर न केले!

खाणीतले लोक काम बंद करून निघून गेले होते, पण त्यांची पत्र्याची शेड तिथेच उभी होती. आत रानडुकरांनी बस्तान मांडले होते. त्यांच्या पायांखाली पिल्ले काय जगणार? म्हणून घुशीने शेडच्या बाहेरून, वारा न लागणाऱ्या बाजूच्या भिंतीला लागून एक लहानशी पडवी उभारली. दोन बेचकी काटक्या रोवल्या, त्यांवर एक आडवी काठी ठेवली, तिथून भिंतीपर्यंत तिरक्या काटक्या टाकल्या आणि वर सागाची पाने शाकारली. भिंतीच्या कुशीत मऊ गवत अंथरले. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तिथे पिल्ले झाली. यंदाही सहाच. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते आणि अंग उघडे, गुलाबी. अशा पिल्लांना सतत ओल लागली तर ती फार दिवस टिकत नाहीत, हे घुशीला कुणी सांगायला नको होते.

दुसऱ्याच दिवशी सर आली. छपरातून थेंब गळला नाही. पण जिथे छप्पर भिंतीला भिडले होते, त्या सांध्यातून पाण्याची बारीक धार पत्र्यावरून उतरली आणि थेट गवतात गेली. घुशीने पिल्ले ओढून दुसऱ्या कडेला नेली, तर तिथे झड येत होती. तिने पुन्हा ती भिंतीशी आणली. झड न लागणारी जागा होती ती एवढीच, आणि ती कोरडी राखायची तर सांधा बुजवायलाच हवा होता.

"भेग आहे ना? मग माती आहे," असे म्हणून घुशीने चिखल मळला आणि सांध्यावर जाड थर लिंपला. दुपारी लख्ख ऊन पडले. पत्रा तापला आणि भिंतीतून आवाज आला, "टण्." घूस दचकून बाहेर आली. लिंपलेल्या मातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली होती. संध्याकाळच्या सरीत पाणी पुन्हा आत!

दुसऱ्या दिवशी तिने मातीत शेण आणि चिरलेले गवत घातले. पुन्हा ऊन, पुन्हा "टण्", पुन्हा भेग. शेडच्या छपरावर एक माकड बसलेले असे. त्याला स्वतःचे घर नव्हते, त्यामुळे दुसऱ्याच्या घरावर बोलायला सवड भरपूर.

"घूसबाई, भिंतीला भाकऱ्या थापताय वाटतं?" ते म्हणाले.

"तुला वाढणार नाही. निश्चिंत राहा," घूस म्हणाली आणि मान वर न करता थापत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने बाभळीचा डिंक आणला. दात चिकटेपर्यंत चघळून तो मातीत कालवला. या वेळी माती अशी घट्ट बसली की घूस स्वतःवरच खूश झाली. ऊन चढले. "टण्!" या वेळी भेग पडली नाही. थराचा एक मोठा तुकडाच भिंतीवरून सुटला, दोन पाने घेऊन खाली आला आणि सर्वांत लहान पिल्लाच्या शेजारी, बोटभर अंतरावर आदळला. घूस आत धावली. तिने पिल्लू चाटून चाटून पाहिले. ते धडधाकट होते. पण ती बराच वेळ त्याला पोटाशी धरून तशीच बसली. मग उठली आणि पुन्हा चिखल मळायला लागली, कारण तिला दुसरे काही येतच नव्हते.

तेवढ्यात धो धो सर आली, आणि एक रानकोंबडी आपल्या चार पिलांना हाकत पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. घुशीला पाहताच ती जागीच थबकली. त्याला कारणही होते. घुशी कोंबडीची पिले पळवतात, आणि ही घूसही त्या बाबतीत काही साधू नव्हती.

"तोंड मिटून बसणार असशील तर आत येते," कोंबडी म्हणाली.

"माझं तोंड चिखलात आहे. ये," घूस म्हणाली.

कोंबडी अगदी कडेला, झडीत बसली. पिले तिच्या पंखांखाली शिरली. पाऊस तिच्या पाठीवर आपटत होता आणि ओघळून जात होता. सर थांबली तेव्हा पिले बाहेर आली. चारही खडखडीत कोरडी! घूस टक लावून पाहतच राहिली. तिच्या डोक्यावर छप्पर असून तिची पिल्ले ओली, आणि हिला छप्पर नसून हिची पिले कोरडी!

"तुझ्या पिसांना डिंक कुठला लावलायस ग?" तिने विचारले.

कोंबडी हसली. "डिंक? पिसं एकमेकांना चिकटली तर मी उडू कशी? श्वास तरी कसा घेऊ? वरचं पीस खालच्यावर नुसतं टेकलेलं असतं. मी हलले की तीही हलतात, आणि पुन्हा आपली टेकतात."

"टेकलेलं," घूस पुटपुटली.

तिने आपल्या छपराकडे पाहिले. सागाचे वरचे पान खालच्या पानावर टेकले होते. तिनेच तर तसे शाकारले होते. मग तिने भिंतीकडे पाहिले. भिंत एका पत्र्याची नव्हती. वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर वीतभर उतरली होती, आणि ती घुशीच्या छपराच्या किंचित वर होती. ऊन पुन्हा पडले होते. "टण्," पत्रा वाजला, आणि या वेळी घुशीने भेगेकडे न पाहता पत्र्याकडे पाहिले. माती होती तिथेच होती. पत्राच उन्हाने केसभर सरकला होता! रोज तापून तो फुगत होता, पावसाने निवून आकसत होता, आणि ती त्याला मातीने बांधून ठेवू पाहत होती.

घूस वर चढली आणि तीन दिवस लिंपलेली सगळी माती खरवडून काढू लागली.

माकडाने टाळी वाजवली. "तीन दिवस लावलंत आणि आता काढताय? मग लावलं कशाला?"

"चुकलं म्हणून," घूस म्हणाली. माकड शेपटी खाजवत बसले.

खाणीच्या खड्ड्याशी एका डंपरची फुटकी ट्यूब पडली होती. ती तिथे आहे हे घुशीला वर्षभर माहीत होते, पण रबर ही काही माती नव्हे, म्हणून तिने तिला कधी हुंगलेही नव्हते. आता तिने त्या ट्यूबला दात लावला. छपराच्या लांबीएवढा पट्टा कुरतडून काढला आणि ओढत ओढत आणला. डोंगरावर आभाळ काळे होत चालले होते, आणि सांधा तर आता पुरता उघडा पडला होता. घूस पिल्लांकडे धावली, तिथून पट्ट्याकडे आली, पुन्हा पिल्लांकडे गेली.

कोंबडी अजून दारातच होती. "मी झाकते त्यांना," ती म्हणाली. "पण एक शब्द दे. पुन्हा माझ्या पिलांच्या वाटेला जायचं नाही."

"मेले तरी जाणार नाही," घूस म्हणाली. कोंबडी आत आली. तिने एका पंखाखाली आपली चार आणि दुसऱ्या पंखाखाली घुशीची सहा घेतली.

पत्र्याला उभ्या पन्हळी होत्या. वरचा पत्रा खालच्यावर बसला होता तिथे दर पन्हळीपाशी थोडी फट होती. पट्टा सरळ लावला असता तर पाणी पन्हळीतून त्याच्या मागे गेले असते. हे घुशीच्या वेळीच ध्यानात आले. तिने पट्ट्याच्या वरच्या कडेला दातांनी जिभा कापल्या, एका पन्हळीला एक जीभ. मग एकेक जीभ वरच्या पत्र्याखाली सरकवली आणि तिथे काटकीची पाचर मारली. पट्ट्याची खालची कड तिने छपराच्या पानांवर नुसती सोडून दिली. ना डिंक, ना माती. दोन जिभा राहिल्या असताना सर कोसळली. पाणी तिच्या डोळ्यांत गेले, हिरड्यांतून रक्त आले, पाय दोनदा घसरले. तिने गेल्या वर्षीचे बीळ आठवले आणि तिसऱ्यांदा पाय रोवला. शेवटची पाचर बसली तशी ती घसरतच खाली उतरली.

ती आत आली आणि वर न बघता सरळ भिंतीला नाक लावले. भिंत कोरडी होती. बाहेर पाणी वरच्या पत्र्यावरून रबरावर, रबरावरून पानांवर आणि पानांवरून जमिनीवर चालले होते. त्याला कुणी अडवले नव्हते, म्हणून त्यालाही आत यायचे काही कारण नव्हते. कोंबडीने पंख उचलला. सहाच्या सहा पिल्ले उबेत झोपली होती.

दुसऱ्या दुपारी ऊन पडले आणि पत्रा वाजला, "टण्!" घूस सवयीने ताडकन उठली. पट्टा केसभर सरकला, आणि पुन्हा आपल्या जागी टेकला. घूस बघत राहिली, आणि मग हसता हसता तिथेच आडवी झाली.

आठ दिवसांनी पिल्लांनी डोळे उघडले. त्याच संध्याकाळी पावसात चिंब भिजलेले माकड खाली उतरून दाराशी आले आणि खालमानेने म्हणाले, "घूसबाई, कोपऱ्यात जागा मिळेल का?"

"मिळेल की," घूस म्हणाली. "पण नुसतं टेक हं. चिकटू नकोस."

तात्पर्य : जे हलणारच आहे त्याला घट्ट बांधू नये, हलायला जागा ठेवून जोडावे; आणि आपलेच चुकलेले काम आपल्या हातांनी उतरवण्याची ज्याची तयारी असते, त्याचीच जिद्द फळाला येते.